डोळे मिटून सांगितलेला एक कप चहा

आपण कुणाच्या पाठीमागे बोलत नाही, याचा सुभद्राबाईंना फार अभिमान होता. उंद्रीच्या त्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत ही गोष्ट त्या स्वतःच सगळ्यांना सांगत. "आपल्याले इकडचं तिकडं करायची सवयच नाही बाई. जे काय असल ते देवाले सांगायचं!"

आणि त्या खरोखर देवालाच सांगत. फक्त मोठ्याने सांगत, बुधवारच्या घरगुती प्रार्थनेत, डोळे मिटून, आणि जिच्याबद्दल सांगायचं ती समोरच्या सतरंजीवर बसलेली असताना! कुणाचा नवरा पितो, कुणाची सून माहेरी जाऊन बसली, हे सगळं मंडळीला सुभद्राबाईंच्या प्रार्थनेतूनच कळायचं. देवालाही बहुधा तिथूनच कळत असावं.

पुष्पाबाई मात्र यातून कायम सुटत आल्या होत्या, कारण त्या सुभद्राबाईंच्या जिवाभावाच्या मैत्रीण. दोघी विधवा, दोघींची घरं समोरासमोर. रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, दोघी शेजारीशेजारी बसायच्या, दोघींत गीतांचं एकच पुस्तक. सुभद्राबाईंना आताशा अक्षरं दिसत नव्हती. पुष्पाबाई ओळीचे पहिले शब्द हळूच कानात सांगायच्या आणि सुभद्राबाई पुढची ओळ खणखणीत आवाजात ओढायच्या. त्यांना दिसत नाही, याचा मंडळीत कुणाला पत्ता नव्हता.

मग एका बुधवारी प्रार्थना सुभद्राबाईंच्या घरी झाली. आल्याचा, दाट, साखर सढळ हाताने घातलेला चहा! सगळ्यांनी चाटूनपुसून कप संपवले. पुष्पाबाईंनी एक घोट घेतला आणि कप हळूच खाटेखाली सरकवला.

"काऊन वं, चहा नाही आवडला?"

"आवडला ना. पोट भरलं."

एका घोटात पोट भरलं! सुभद्राबाईंच्या काळजाला ते लागलं. पण तोंडावर बोलायची त्यांची रीत नव्हती. त्या पुढच्या बुधवारची वाट बघत राहिल्या.

पुढच्या बुधवारी मंडळीच्या धर्मगुरूंच्या, पाळकसाहेबांच्या घरी त्यांनी डोळे मिटले. "हे कृपाळू पित्या, ज्यांच्या घशाखाली आमच्या घरचा चहा उतरत नाही, त्यांना नम्र कर!"

"आमेन," मंडळी म्हणाली, आणि कोण ते बघायला प्रत्येकाने एकेक डोळा उघडला.

पुष्पाबाईंची प्रार्थना एरवी दोन वाक्यांत आटपायची. त्या दिवशी त्यांचाही आवाज चढला. "हे प्रभू, जे पाहुण्याच्या कपात डोकावून पाहतात, त्यांचं मन मोठं कर!"

"आमेन!" या वेळी जरा जोरातच.

सुभद्राबाईंची पाळी होऊन गेली होती, पण त्यांनी पुन्हा सुरुवात केली. "आणि पित्या, एक सांगायचं राह्यलं..." पाळकसाहेब खाकरले. आत पोहे थंड होत होते. शेवटी पेटी वाजवणाऱ्या गजेंद्रभाऊंनी मधेच गाणं सुरू केलं, तेव्हा कुठे देवाची सुटका झाली.

रविवारी पुष्पाबाई पुस्तक घेऊन सगळ्यात पुढे जाऊन बसल्या. सुभद्राबाई मागे एकट्या. गाणं सुरू झालं, त्यांनी अंदाजाने सूर लावला, आणि मंडळी दुसऱ्या कडव्यावर असताना त्यांनी तिसरं दणक्यात म्हटलं! सगळ्या माना वळल्या. सुभद्राबाई खाली बसल्या आणि पदराआड मुकाट्याने रडल्या. शेजारची रिकामी जागा त्यांना बघवेना.

बाहेर पडताना पाळकसाहेबांनी त्यांना थांबवलं. "पुढच्या रविवारी प्रभुभोजन आहे. मनात अढी ठेवून प्रभूच्या भाकरीच्या आणि द्राक्षरसाच्या मेजाजवळ यायचं नसतं. देवाशी पुष्कळ बोलून झालं, सुभद्राबाई. आता पुष्पाबाईंशी बोला. डोळे उघडे ठेवून."

दुसऱ्या दिवशी सुभद्राबाई रस्ता ओलांडून गेल्या. पुष्पाबाई ओसरीवर अंबाडीची भाजी निवडत होत्या. सुभद्राबाई समोर बसल्या, त्यांनीही एक जुडी ओढली.

"पुष्पे, खरं सांग. चहा काऊन ठेवला?"

"शुगर निंगाली मले," पुष्पाबाई भाजीकडे बघत म्हणाल्या. "चिखलीच्या डॉक्टरनं सांगतलं."

"अवं माय! मंग मले नाही का सांगायचं?"

"तुले सांगतलं असतं त बुधवारी आख्ख्या मंडळीनं आमेन म्हटलं असतं! तुले दिसत नाही, हे मी कोणाले सांगतलं का?"

सुभद्राबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली.

"चुकलं माह्यं. माफ कर वं मले."

"केलं. म्या बी काही कमी नाही बोलली. पण हे कोणाले सांगू नको."

"नाही सांगत."

"देवाले बी!"

"त्याले त ठाऊक असल ना?"

"मंग सांगतं काऊन?"

बुधवारी सुभद्राबाईंची पाळी आली. मंडळी सावरून बसली. "हे पित्या, तुला सगळं ठाऊक आहे. आमेन."

कुणीच आमेन म्हणालं नाही. बाई श्वास घेत असतील, असंच सगळ्यांना वाटलं. पण पुढे काही आलंच नाही! नुसता पंखा कुरकुरत राहिला.

शनिवारपर्यंत उंद्रीत पसरलं की, सुभद्राबाईंचं काही खरं नाही. संध्याकाळी अख्खी मंडळी केळी आणि शहाळी घेऊन दारात हजर!

"मले काही नाही झालं!" त्या ओरडल्या.

"शेवटी असंच म्हणते माणूस," गजेंद्रभाऊ हळूच म्हणाले.

"मग प्रार्थना एवढीशीच का?" पाळकसाहेबांनी विचारलं.

खोटं बोलवेना, खरं सांगता येईना. "मी कोणाले तरी शब्द देला हाये," सुभद्राबाई म्हणाल्या. हा शब्द वरच्यालाच दिला असणार, असं समजून सगळ्यांचे चेहरे आणखीच उतरले. कोपऱ्यात पुष्पाबाई पदरात तोंड खुपसून गदागदा हलत होत्या. त्या हसताहेत हे फक्त सुभद्राबाईंना कळलं. बाकीच्यांना वाटलं रडताहेत, म्हणून दोघीतिघींनी डोळ्यांना पदर लावला.

मग चहा आला. पुष्पाबाईंचा कप वेगळा दिसू नये म्हणून सुभद्राबाईंनी सगळाच चहा बिनसाखरेचा केला होता. मंडळींनी एकेक घोट घेतला. आजारी बाईला कोण काय बोलणार! "छान झाला," म्हणत प्रत्येकाने कप हळूच खाली ठेवला. खाटेखाली सरकवला, खिडकीत ठेवला, केळ्यांच्या मागे लपवला. एकच कप रिकामा झाला, पुष्पाबाईंचा.

"शेवटची प्रार्थना सुभद्राबाईच करतील," पाळकसाहेब म्हणाले.

सुभद्राबाईंनी एकवार सगळ्या भरल्या कपांकडे बघितलं आणि डोळे मिटले. "हे कृपाळू पित्या, ज्यांनी ज्यांनी आज माह्या घरचा चहा तसाच ठेवला..."

शेजारून पुष्पाबाईंचा चिमटा बसला.

"...त्यांना आशीर्वाद दे. आमेन!"