शिक्का मारलेली कादंबरी

"आज याल का?" असं फोनवर विचारलं जायचं खरं, पण "नाही" हे उत्तर तीनदा दिलं की यादीतून नाव उडायचं. म्हणून बदली ग्रंथपाल तात्पुरते तोंडाला साबण असतानाच "निघालोच!" म्हणाले. शहरात वाचनालयाच्या बारा शाखा. जिथला ग्रंथपाल रजेवर जाईल तिथे धावायचं, ही त्यांची नऊ वर्षांची नोकरी. खरं आडनाव पगारपत्रकात होतं. बाकी सगळे त्यांना तात्पुरतेच म्हणत. रागात असली की बायकोसुद्धा.

"आज तिथे मोठ्या साहेबांची तपासणी आहे म्हणे," ते शर्ट चढवत म्हणाले.

"मग जरा चुणूक दाखवा! कायम करणं त्यांच्याच हातात आहे ना?"

तात्पुरत्यांनी दाखवली. साहेब आले, हातातलं सामान टेबलावर ठेवून हात धुवायला गेले आणि तिथून परस्पर माळ्यावरची धूळ मोजायला चढले. इकडे त्याच टेबलावर, परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगावर तात्पुरत्यांना एक जाडजूड, कापडी बांधणीचं पुस्तक दिसलं. ना नंबर, ना शिक्का. तपासणीच्या दिवशी! त्यांनी झटपट नंबर चिकटवला, तीन ठिकाणी शिक्के उठवले, वहीत नोंद केली. लेखकाचं नाव नव्हतं, त्यामुळे तेवढी शाई वाचली.

तेवढ्यात निवृत्त नर्सबाई आल्या. "मला न वाचलेलं काहीतरी द्या हो. इथलं सगळं संपवलंय मी."

"हे घ्या. आत्ताच दाखल झालंय."

चार वाजता साहेब धुळीने माखून खाली उतरले. "इथे माझं एक बाड होतं."

"कापडी बांधणीचं? ते आपल्या संग्रहात घेतलं, साहेब. सकाळी गेलंसुद्धा!"

"गेलं? अहो, माझी कादंबरी होती ती! सहा वर्षं खपलोय! एकच प्रत आहे!"

तात्पुरत्यांना आपली कायम नेमणूक दारातून बाहेर पडताना स्पष्ट दिसली.

"कुणी चोरली?"

"चोरली नाही, साहेब. सही करून नेली."

दोघं धावतपळत नर्सबाईंच्या दारात पोचले. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"पंधरा दिवसांची मुदत असते. मध्येच कसं मागता? नियम आहे की नाही काही?"

"नियम तुमचाच आहे, साहेब," तात्पुरते कुजबुजले.

"चाळीस पानं राहिलीत. बसा तिथे," असं म्हणून बाईंनी दार लोटलं. दोघं जिन्यात बसले. थोड्या वेळाने आतून खो खो हसू ऐकू आलं.

साहेबांनी कान टवकारले. "कुठल्या पानावर हसल्या असतील हो?"

"विनोदी लिहिलंय वाटतं साहेबांनी?"

"शोकांतिका आहे."

तात्पुरते लगेच बुटाची नाडी बांधायला वाकले. नोकरीत नऊ वर्षं काढलेल्या माणसाला एवढं कळतं.

अखेर दार उघडलं. बाई डोळे पुसत होत्या. "तो नायक मरताना भाषण काय ठोकतो! पोट दुखलं बाई माझं. कितीतरी दिवसांनी इतकी हसले. दुसरा भाग आहे का?"

साहेबांनी त्यांच्या हातून बाड घेऊन छातीशी धरलं. मग घसा खाकरून म्हणाले, "लिहितोय."

परतताना साहेबांनी तात्पुरत्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ही वेळ साधायची म्हणून तात्पुरत्यांनी धीर केला. "साहेब, माझ्या कायम नेमणुकीचा अर्ज..."

"आला होता. फेटाळतोय."

"चूक झाली, साहेब, पण..."

"चूक कसली? सहा वर्षांत मला एक वाचक मिळाला नव्हता, तुम्ही अर्ध्या दिवसात मिळवून दिलात! उद्या अकरा प्रती काढतो. तुम्ही असेच फिरते राहा, रोज एक शाखा."

संध्याकाळी बायको दारातच उभी होती. "केलं का कायम?"

"नाही. साहेब म्हणाले, तुमच्यासारख्या माणसाला एका जागी बसवणं म्हणजे अन्याय."

"तुमच्यावर?"

"वाचकांवर," तात्पुरते म्हणाले आणि फोन वाजला म्हणून आत गेले.