नत्थूभाऊंचे टॅग

माझ्या पायाला एकदा टॅग लागला होता. त्यावर लिहिलं होतं, 'पिएर्ना.' तो तारेनं बांधून नत्थूभाऊ म्हणाले, "मास्तर, हलू नका. इन्स्पेक्शन चालू हाय."

नत्थूभाऊ आमचे दुर्गजवळच्या जुनवानीतले शेजारी, स्टील प्लांटातले रिटायर्ड फिटर. प्लांटात बिनाटॅगच्या व्हॉल्वला कोणी हात लावत नाही. भाऊंनी तोच कायदा स्पॅनिशला लावला: दिसेल त्या वस्तूला तिच्या स्पॅनिश नावाचा टॅग. मुलगा स्पेनला, सून तिकडची, आणि सहा वर्षांच्या नातीला दुसरी भाषाच येत नाही. ती दिवाळीला येणार होती. "तिले तिच्या आजीची गोष्ट मीच सांगन. मधात दुभाष्या नाही पाहिजे." वहिनींना जाऊन तीन वर्षं झाली होती.

कोश मिळाला तो इंग्रजी-स्पॅनिश. 'लेग' काढला तर पुढे तीन शब्द! भाऊंनी तिन्ही टॅग आधी टेबलालाच लटकवले, मग एकेक तपासला. माणसाचा पाय पिएर्ना, म्हणजे माझा. ताटातली कोंबडीची तंगडी मुस्लो. टेबलाचा आणि जनावराचा पाता. पाताचा टॅग बांधलेलं कुत्रं थेट दुर्गच्या मोहन नगरात पळालं. तिथली चार कुत्री अजून स्पॅनिशमध्ये भुंकतात.

दसऱ्याला गाडी अडली ती 'स्टोरी'वर. शब्द दोन आणि बांधायला वस्तूच नाही! आठवडाभर भाऊ दोन टॅग घेऊन घरभर फिरले.

"कोणताही घ्या," मी म्हटलं.

"कावून? 'कुएन्तो' म्हंजे बनवलेली, 'इस्तोरिया' घडलेली. पोरीले मी आजी बनवून सांगू काय?"

नात आली. भाऊंनी तिला ओट्यावर बसवलं, इस्तोरियाचा टॅग स्वतःच्या गळ्यात घातला आणि निम्मे शब्द, निम्मे हातवारे करत सुरू झाले. गरम डबा प्लांटच्या गेटवर पोचवायला आजी सायकल शिकली, नालीत पडली, गुडघे फुटले, पण डबा वर धरला, वरणाचा थेंब सांडला नाही! भाऊंनी स्वतः पडूनही दाखवलं. पोरगी टाळ्या पिटत ओरडली, "ओत्रा!" म्हणजे आणखी एक! भाऊंचा चेहरा असा फुलला, जणू भट्टीच पेटली.

मग ती आत पळाली आणि बापाला सगळं सांगून आली. मुलगा बाहेर आला.

"बाबा, आई सायकल चालवत होती? मले त मालूमच नाही."

भाऊंनी ओट्यावर सरकून जागा केली.

"तीन वर्षं झाली. या घरात तिचं नाव घ्याले कोणी नव्हतं बाप्पा. तूही बैस."