बावीस कलमांची बॅटरी

चार महिने गॅरेजमध्ये उभ्या राहिलेल्या मोटारीची बॅटरी उतरते. हे सत्य गिरीश देवस्थळी यांना वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, गेल्या मार्चमध्ये, पुण्याचा हिवाळा संपवून डब्लिनला परतल्यावर कळलं. डब्लिन म्हणजे ओहायोतलं. तिथल्याच एका कंपनीच्या क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. निवृत्त होताना त्यांना मनगटी घड्याळ आणि दुसऱ्याचं काम तपासण्याची सवय, अशा दोन गोष्टी मिळाल्या होत्या. घड्याळ पुढे बंद पडलं.

एकच चूक दोनदा करणं त्यांच्या तत्त्वात नव्हतं. म्हणून यंदा नोव्हेंबरात निघण्याआधी त्यांनी विषयाचा सांगोपांग अभ्यास केला. उपाय तीन निघाले. पहिला, दहा नंबरचा पाना घेऊन बॅटरीची एक वायर काढून ठेवायची. काम दहा मिनिटांचं. पण त्याने गाडीतल्या रेडिओची लावून ठेवलेली स्टेशनं पुसली जातात, सबब नामंजूर. दुसरा, हळूहळू चार्ज करत राहणारा छोटा चार्जर लावून जायचं. मालक सातासमुद्रापार असताना घरात एखादं यंत्र प्लगला लावून ठेवणं त्यांना धोक्याचं वाटलं. फ्रिज चारही महिने चालूच राहणार होता, पण तो फ्रिज होता. तिसरा उपाय माणसांचा. आठवड्यातून एकदा कोणीतरी गाडी अर्धा तास फिरवून आणायची. माणसं मराठी मंडळात मुबलक होती आणि त्यांना प्लग लागत नव्हता.

त्यांतून अतुल आणि मोनाली वानखेडे यांची निवड झाली. जोडपं अकोल्याचं, तीन वर्षांपूर्वी आलेलं, घर पायी पाच मिनिटांवर, आणि काका-काकूंना नाही म्हणायला अजून न शिकलेलं. त्यांच्याकडे गाडी एकच. ती घेऊन अतुल सकाळी साडेसहाला मेरीसव्हिलच्या कारखान्यात जायचा. मोनालीला तीन वर्षं वाट पाहून वर्क परमिट मिळालं होतं आणि न्यू ऑल्बनीच्या एका लॅबमध्ये एक डिसेंबरपासून नोकरी लागली होती. न्यू ऑल्बनी मेरीसव्हिलच्या बरोबर उलट्या दिशेला, गाडीने अर्धा तास. बस नाही. पहिले तीन महिने प्रोबेशन.

म्हणजे बॅटरीला अर्धा तास रस्ता हवा होता आणि मोनालीला अर्ध्या तासाच्या रस्त्यासाठी गाडी. किल्ली घ्यायला दोघं आली तेव्हा मोनालीने चहाचा कप खाली ठेवला आणि धीर करून विचारलं.

"काका, थंडीपुरती मी हीच गाडी ऑफिसला ड्राइव्ह करू का? तुमची बॅटरीपण चार्ज राहील. गॅसचा, म्हणजे पेट्रोलचा खर्च माझा. इन्शुरन्सवर माझं नाव ॲड करायचं असेल तर तेपण मीच भरते."

"अगं, विचारतेस काय? तुझीच गाडी समज," गिरीशराव म्हणाले.

आपल्याकडे पाहुण्याने चपला घातल्या की यजमान "जेवूनच जा ना" म्हणतात, त्या जातीचं हे वाक्य होतं. मोनाली तरुण होती, तिला ते खरं वाटलं. वसुधाकाकूंनी विमा कंपनीचा नंबरही काढून दिला. तो फोन दहा मिनिटांचा होता. गिरीशराव मात्र तीन संध्याकाळी खोली बंद करून बसले आणि चौथ्या दिवशी, विमानतळावर निघायच्या आधी, त्यांनी वानखेड्यांच्या हाती 'वाहन-विद्युतघट देखभाल नियमावली' ठेवली. तीत बावीस कलमं होती.

कलम चारप्रमाणे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, मिठाने गाडी गंजते, सबब रस्ता वर्ज्य होता. गाडी जागेवरच सुरू करायची होती. कलम सातप्रमाणे पुढच्या उजव्या चाकाभोवती खडूची रेघ मारली होती आणि व्हिडिओ कॉलवर चाक रेघेच्या आत दिसणं आवश्यक होतं. कलम अकराप्रमाणे इंजिन पाच मिनिटं चालवून बंद करायचं. उगाच प्रदूषण नको. बाराव्या कलमात त्या पाच मिनिटांत दिवे, वायपर, हॉर्न, मागच्या काचेचा हीटर, दोन्ही सीटचे हीटर आणि रेडिओची सर्व स्टेशनं चालू करून तपासण्याची सोय होती. आणि कलम एकोणीस म्हणत होतं की आणीबाणीत वाहन वापरण्यास हरकत नाही. प्रसंग आणीबाणीचा आहे किंवा कसे, हे वाहनमालक ठरवतील.

मोनालीने नियमावली दोनदा वाचली आणि थम्ब्सअप पाठवला. नव्या माणसाने ज्येष्ठांना दुसरं काय पाठवायचं?

दर शनिवारी सकाळी दहाला, म्हणजे पुण्यात रात्री साडेआठला, व्हिडिओ कॉलवर गाडी सुरू होऊ लागली. पुण्यात गिरीशरावांचे मेहुणे, शेजारी जेवण आवरून बघायला बसत. अमेरिकेत कामं कशी सिस्टिमने होतात, हे गिरीशराव त्यांना समजावून सांगत. वायपर फिरले की एक मेहुणे दाद देत. गाडी सुरू करताना बॅटरीतून एकदम बरीच वीज खर्च होते आणि ती भरून यायला पाच मिनिटं पुरत नाहीत, रस्त्यावर चांगला अर्धा तास लागतो, ही गोष्ट गिरीशरावांच्या अभ्यासात आली होती. पण तो अभ्यास ओहायोत राहिला होता.

जानेवारीत इंजिन कण्हू लागलं. गिरीशरावांनी लगेच निदान केलं: देखभाल कमी पडते आहे. आठवड्यातून एकदाचं दोनदा झालं, दोनदाचं रोज. वेळ ठरली पुण्याच्या संध्याकाळी सहाची, कारण सव्वासहाला ते फिरायला निघत. डब्लिनमध्ये तेव्हा सकाळचे साडेसात असतात. अतुल तासाभरापूर्वीच कामावर गेलेला असायचा. राहिली मोनाली.

ती रोज बर्फातून चालत यायची, गॅरेजचं दार उघडायची, गाडी सुरू करायची, दिवे, हॉर्न, रेडिओ, हीटर सगळं दाखवायची. खडूची रेघ दाखवायची. सीट गरम व्हायला लागेपर्यंत पाच मिनिटं संपायची. मग इंजिन बंद करून, दार लावून, ती त्याच घराच्या ड्राइव्हवेवर ऑफिसला जायला कॅबची वाट पाहत उभी राहायची. कॅब बर्फात उशिरा यायची. आठची लॅब, ती कधी साडेआठला पोचायची, कधी पावणेनऊला. सुपरवायझरने तिला एकदा समज दिली, मग लेखी दिली.

एका सकाळी कॅब आलीच नाही. मोनालीने पुण्याला मेसेज केला, 'काका, कॅब कॅन्सल झाली. आज गाडी नेऊ का? इमर्जन्सी आहे.' ती पंधरा मिनिटं किल्ली हातात घेऊन, गाडीशेजारी उभी राहिली. गिरीशराव फिरताना फोन जवळ बाळगत नसत. डॉक्टरांनी सांगितलं होतं. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. 'कालच्या तारखेने मंजूर. कृपया कलम एकोणीसचा उल्लेख करून अर्ज करत जावा.'

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात लॅबने तिला नारळ दिला. तिने ते व्हिडिओ कॉलवर सांगितलं. आवाज साधाच ठेवला होता तिने, पण वायपर बंद करायचे विसरली. गिरीशराव मनापासून हळहळले. त्यांना खरंच वाईट वाटलं. माणूस वाईट नव्हता. जे होतं ते चांगल्यासाठीच होतं, असं त्यांनी सांगितलं, आणि आता सकाळची घाई नाही तर पाचऐवजी सात मिनिटं ठेवू या, असं सुचवलं. त्या सात मिनिटांत त्यांना प्रथमच सगळी स्टेशनं नीट ऐकू आली.

सव्वीस फेब्रुवारीला बॅटरी मेली.

मार्चच्या मध्यावर देवस्थळी परतले. नवी बॅटरी बसवायला आलेल्या माणसाने जुनी बाहेर काढता काढता विचारलं की आजूबाजूला गाडीची गरज असलेलं कोणीच नव्हतं का. कोणी रोज कामावर जरी नेली असती तरी ही मजेत जगली असती. गिरीशरावांनी त्याला कलम चार समजावून सांगायला सुरुवात केली.

"बास करा," वसुधाकाकू म्हणाल्या. "त्या पोरीला गाडी दिली असतीत तर बॅटरीही राहिली असती आणि तिची नोकरीही. दोन्ही तुम्ही मारलीत."

हे काकू नोव्हेंबरात म्हणाल्या असत्या तर फार बरं झालं असतं. पण तेव्हा त्या बॅगांची वजनं करत होत्या.

त्याच संध्याकाळी अतुल आणि मोनाली किल्ली द्यायला आले. अतुलने दुसऱ्या राज्यात, एडिसनला बदली मागून घेतली होती, महिनाअखेर निघणार होते. मोनाली सोफ्याच्या कडेला बसली होती. "तिथे ट्रेन आहे, काका," ती म्हणाली. "कोणाला काही मागावं लागत नाही."

गिरीशराव खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. वसुधाकाकूंना वाटलं, आता हा माणूस माफी मागणार.

"ते ठीक आहे," ते म्हणाले, "पण मग पुढच्या नोव्हेंबरात गाडीचं काय?"

आता, हे सगळं इतक्या बारकाईने कसं ठाऊक, असं कोणी विचारेल. त्याचं असं आहे की प्रस्तुत लेखक देवस्थळींच्या बरोबर समोर राहतो; घरातलं आणि पुण्यातलं त्याला पुढे वसुधाकाकूंनी सांगितलं. त्या हिवाळ्यात रोज सकाळी कॉफी घेत तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा असायचा आणि समोर एक मुलगी दुसऱ्याची गाडी सुरू करून, बंद करून, बर्फात कॅबची वाट बघताना त्याला दिसायची. त्याच्या स्वतःच्या गॅरेजमध्ये दोन गाड्या होत्या आणि त्याचं कामकाज घरूनच चाले. हॉर्न वाजला की तो हातातली कॉफी ठेवून वहीत टिपण करायचा. याची व्यंगकथा फर्मास होईल हे पहिल्याच आठवड्यात त्याच्या लक्षात आलं होतं, आणि मध्येच कोणी तिला गाडी दिली असती तर गोष्टीला शेवटच उरला नसता. वाचकहो, तुम्हीही इथपर्यंत हसत आलात, म्हणजे त्याचा अंदाज चुकला नाही.