चिटणिसाची हजेरी

उजाडलं की शेजारचे दगडूअण्णा आमच्या दोन घरांच्या मधल्या भिंतीवर पत्र्याचा डबा बडवायचे आन ओरडायचे, "पूर्व राज्य?"

मी मिसरीच्या तोंडानं ओरडायचो, "हजर!" न्हाई ओरडलो तर डबा थांबायचा न्हाई.

अण्णा नेकनूरच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते. पेन्शन झाल्यावर त्यांना एका जागी बसवेना. अंगणात येरझारा घालून चपला झिजवल्या, मग कॅलेंडरच्या पाठीवर तीन राज्यांचा नकाशा काढला. या राज्यांत म्हणे नऊ वर्षं लढाई झाली आन मग शेजारी राज्यांचा संघ निघाला. चिटणीस अण्णा.

"लढाई कावून झाली?" मी विचारलं.

"कुणी कुणाची विचारपूस केली न्हाई म्हणून. आता रोज करायची. कलम पहिलं."

मला पूर्व राज्य दिलं. माझ्या बायकोला, सोजरला, नदीकाठचं. ती भाकरी थापता थापता आतून "हजर वो भाऊजी" म्हणायची आन मला डिवचायची, "माझ्या राज्यात नदी हाय. तुमच्यात नुसती कुसळं."

तिसरं डोंगरी राज्य. त्याचा माणूस कुणी बघितला न्हाई. अण्णा स्वतःच हळू आवाजात "हजर" म्हणून वहीत खूण करायचे.

"खोटी हजेरी लावता व्हय?"

"तुमी तुमचं राज्य बघा, किसनराव."

मग सोजर गेली. तेरावं झालं आन दुसऱ्याच दिवशी डबा वाजला. "पूर्व राज्य?" मी कसंबसं "हजर" म्हणालो. "नदीकाठ?"

माझं डोकं फिरलं. अनवाणीच बाहेर गेलो. "कुणाला हाका मारता? खोडा तिचं नाव!"

"राज्य खोडायचं कलम न्हाई."

"मग मी संघ सोडला. घाला खड्ड्यात!"

दुसऱ्या दिवशी डबा वाजला न्हाई. तिसऱ्या दिवशीही न्हाई. चहा ठेवायचो, उतू जायचा. दारात उभा राहायचो, परत आत यायचो. गल्लीत नवी केबल आलती. दारं लावून सगळे टीव्हीपुढं. मी मेलो असतो तर जाहिराती लागल्यावरच कुणाला कळलं असतं.

चौथ्या दिवशी अण्णांकडं गेलो. ते आडावर होते. वही बाजेवर उघडीच होती. मी तिसरी शिकलेला, अक्षर अक्षर लावून वाचली. पूर्व, किसन. नदीकाठ, सोजर. डोंगरी, कौसल्या.

कौसल्या अण्णांची बायको. तिच्या मातीला मी गेलतो. अकरा वर्षं झाली. त्यानंतर अण्णांकडं विचारपूस करायला एकदाही गेलो न्हाई.

तिन्ही दिवस सोजरपुढं खूण होती, कौसल्यापुढं खूण होती. माझा रकाना तेवढा मोकळा.

वही होती तशी ठेवून घरी आलो. दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा पलीकडं येरझारा चालू होत्या. मी तेलाचा रिकामा डबा घेतला आन भिंतीवर बडवला.

"चिटणीस?"

पावलं थांबली. त्यांची हजेरी आजवर कुणी घेतली नव्हती.

"हजर," पलीकडनं आवाज आला. मग खाकरून, "नदीकाठ?"

मी चुलीकडं बघितलं. आन हळूच म्हणालो, "हजर."