किड्यांच्या प्रबंधातला खुनी

खुनी कोण, हे मला पन्नासाव्या पानावर कळतं. फुशारकी म्हणून सांगत नाही, लोक विचारतात म्हणून सांगतो. तसं कुणी विचारत नाही, पण विचारलंच तर उत्तर तयार असावं! मी बाइंडर आहे. बावीस वर्षं पुस्तकं बांधतोय, आणि दुकानात आलेला कागद वाचल्याशिवाय मी त्याला सुई लावत नाही. प्रबंध, सोसायट्यांची इतिवृत्तं, कुणाच्या आजोबांच्या आठवणी, सगळं वाचून झालंय. मग रहस्यकथा म्हणजे किस झाड की पत्ती!

माझी दुसरी खासियत म्हणजे मी पानं मोजत नाही. गठ्ठ्याच्या कडेला अंगठा लावतो आणि सांगतो, दोनशे दहा. मोजणारे थुंकी लावून लावून मोजतात, घसा कोरडा करून घेतात आणि शेवटी दोनशे दहावरच येतात. माझी बायको दुकानात शिलाईचं काम करते. ती पहिल्या दिवसापासून सांगतेय, अहो, एकदा मोजत जा. बावीस वर्षांत तिचं मी याबाबतीत एकदाही ऐकलेलं नाही.

तर आमच्या गल्लीतले दातांचे डॉक्टर निवृत्त झाले आणि कादंबऱ्या लिहायला लागले. छापायला कुणी तयार नाही, म्हणून ते स्वतःच टाइप करतात, माझ्याकडून एक प्रत बांधून घेतात आणि मित्रांमध्ये फिरवतात. पहिल्या दोन कादंबऱ्या प्रेमाच्या होत्या. त्या मी कर्तव्य म्हणून वाचल्या. तिसरी मात्र खुनांची निघाली! एक खुनी दर मंगळवारी एक माणूस मारतो आणि प्रेताच्या मुठीत शर्टाचं एक बटण ठेवून जातो. त्याच्या मागावर एक इन्स्पेक्टर बाई, जिचे गुडघे दुखतात. आणि त्या बाईंचं एक म्हातारं कुत्रं.

असल्या कादंबऱ्या तुम्ही वाचत असाल तर मी काय म्हणतोय ते तुम्हाला कळेल. प्रकरण अडीच पानांचं. शेवटच्या ओळीत दार वाजणार, नाहीतर फोन येऊन पलीकडून कुणीच बोलणार नाही. मग 'एवढं एकच प्रकरण' म्हणत माणूस पुन्हा बसतो. शेंगदाण्यांचा वाडगा पुढ्यात असल्यासारखं होतं. आणि मनातलं सांगू का? इतके मुडदे पडत असतात, पण वाचताना जिवाला फार बरं वाटतं. आमच्या मोरीतला नळ चार वर्षं गळतोय, तो का गळतो हे एकाही प्लंबरला सांगता आलेलं नाही. इथे मात्र शेवटच्या पानावर सगळा उलगडा होणार, गुन्हेगार सापडणार, ही खात्री असते.

दुकानाच्या मागेच आमचं घर. कादंबरी सुटी पानं, प्रत एक, वाचणारे तीन! पुढे बायको, तिने पान खाली ठेवलं की ते मी उचलायचं, आणि मी ठेवलं की सासूबाईंनी. डॉक्टरांना चार दिवसांत बांधून देतो म्हणालो होतो, आज सहावा दिवस होता. पन्नासाव्या पानावर मी जाहीर केलं की खुनी कळला. कोण, तर चौकातला इस्त्रीवाला. शहरातली बटणं शेवटी कुणाच्या हातात येऊन तुटतात? बायको म्हणाली, आपण तिघंही चिठ्ठी लिहून पाकिटात बंद करू. ज्याचं चुकेल त्याने महिनाभर खळ शिजवायची. बांधणीची खळ शिजवणं म्हणजे पाऊण तास चुलीपुढे उभं राहून ढवळत बसणं, आणि वास आठवडाभर अंगाला. मी आनंदाने चिठ्ठी लिहिली.

त्या कादंबरीत एक बाइंडरही होता, बरं का! तिसऱ्याच प्रकरणात येतो. हसतमुख, कसबी, सगळ्यांना मदत करणारा. मी बायकोला तो भाग मोठ्याने वाचून दाखवला आणि म्हणालो, डॉक्टरांना माणसाची पारख आहे, अशी माणसं आहेत म्हणून जग चाललंय. ती फक्त 'हं' म्हणाली.

त्या सहाव्या दिवशी सकाळी एक संशोधक बाई आल्या. गव्हात पडणाऱ्या सोंडकिड्यांवर त्यांनी सात वर्षं काम केलं होतं. प्रबंधाच्या चार प्रती, सगळ्या आज संध्याकाळी पाचच्या आत विद्यापीठात जमा व्हायला हव्यात. दोनदा मुदत वाढवून घेतलेली, तिसऱ्यांदा मिळणार नाही, नोंदणीच रद्द. बाईंचे डोळे झोपेअभावी लाल झाले होते. "दादा, सात वर्षं तुमच्या हातात देतेय," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, दोन वाजता या आणि निर्धास्त राहा.

आता चूक कशी झाली ते नीट सांगतो, कारण घरात त्याबद्दल तीन वेगवेगळी मतं आहेत. गठ्ठे आम्ही नेहमी पालथे ठेवतो, म्हणजे शेवटची पानं वर. टेबलावर प्रबंधाच्या चार प्रती पालथ्या, शेजारी कादंबरी पालथी. कागदाचं माप एकच, टाइपही सारखाच. सासूबाईंना कादंबरीतल्या कुत्र्याची काळजी लागली होती. कुत्रं मरणार असेल तर मला पुढचं वाचायचंच नाही, म्हणून त्यांनी कादंबरीचा वरचा, म्हणजे शेवटचा, चाळीसेक पानांचा भाग उचलला आणि खुर्चीत जाऊन बसल्या. त्याच वेळी मी चौथ्या प्रतीची शेवटची चाळीस पानं कडा ठोकून सारख्या करायला काढली, ठोकली आणि टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली. ठेवली, आणि मला बायकोने सदतिसावं प्रकरण दिलं. मग मी कसला जागेवर राहतोय!

सासूबाईंचं वाचून झालं. त्यांना वस्तू जागच्या जागी ठेवायची फार सवय. टेबलावर दोन गठ्ठे अर्धवट, आणि दोन तुकडे सुटे. त्यांनी दोन्ही तुकडे नीट कडेला कड लावून ठेवले. हा तुकडा त्याच्यावर आणि तो ह्याच्यावर.

मी एका डोळ्याने सदतिसावं प्रकरण वाचत चौथी प्रत बांधायला घेतली. कडेला अंगठा लावला. दोनशे दहा! बरोब्बर.

दोन वाजता बाई चारही प्रती घेऊन गेल्या. जाताना त्यांनी वळून मला नमस्कार केला, तो आठवला की अजून कानशिलं गरम होतात.

साडेतीनला बायको शेवटाला पोचली. इन्स्पेक्टर बाई एका अंधाऱ्या घरासमोर उभ्या, गुडघा वाजतोय, हात कडीवर. बायकोने पान उलटलं, आणि मागचं पान पुन्हा काढून बघितलं.

"अहो, मादी एका दाण्यात एकच अंडं घालते, असं लिहिलंय."

मला वाटलं, डॉक्टरांनी काहीतरी खोल लिहिलंय. तिने पुढचं पान वाचलं. त्यात पती, सासू आणि प्रयोगशाळेतल्या सेवकांचे आभार मानले होते. मग मात्र माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सोंडकिड्यांचे निष्कर्ष आमच्या टेबलावर, आणि खुनी विद्यापीठात! बाईंची सात वर्षं मी अंगठ्याने मोजली होती. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

चाकू, गोंद आणि खरी चाळीस पानं पिशवीत टाकली आणि स्कूटर काढली. सासूबाई मागे येऊन बसल्यासुद्धा. म्हणाल्या, ठेवणारी मी, तर उचलायलाही मीच येणार. रस्त्यात एक विचार मनात आला, तो येऊ नये असा होता, पण आला. शेवट वाचलेला माणूस माझ्या मागे बसला होता!

"आई, फक्त हो की नाही सांगा. इस्त्रीवालाच ना?"

"समोर बघून चालवा, जावईबापू."

पुढच्या सिग्नलला मी पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, कुत्रं जगतं, तुम्हाला एवढं पुरे.

चार वाजून वीस मिनिटांनी आम्ही विद्यापीठाच्या जमा खिडकीशी पोचलो. आतल्या खोलीत लांब टेबल, त्यावर बाईंच्या प्रती. तीन प्रतींवर शिक्का पडलेला. चौथी कारकुनाच्या हातात उघडी. शिक्का मारण्याआधी शेवटच्या पानांत संदर्भसूची आहे की नाही हे बघणं त्यांचं काम. ते पंचवीस मिनिटं बघत होते. चष्मा कपाळावर, ओठ हलताहेत, चहावर साय धरलेली.

समोरच्या बाकावर आमच्या संशोधक बाई पदराचं टोक पिळत बसल्या होत्या. मला बघून त्या उठल्या आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "दादा, माझा प्रबंध आजपर्यंत माझ्या मार्गदर्शकांनीही असा वाचला नाही. नक्की काहीतरी मोठी चूक सापडलीय यांना."

मी त्यांना खरं सांगितलं. त्या मटकन खाली बसल्या. मी कारकुनासमोर जाऊन हात जोडले आणि माझ्या हातून काय घडलं ते सगळं सांगितलं. बाईंचा यात काडीचाही दोष नाही, म्हणालो, प्रत द्या, दहा मिनिटांत खरी पानं बसवून देतो.

त्यांनी मान वर न करता तळहात दाखवला. "थांबा. ती इन्स्पेक्टर आत गेलीय."

बाई हलक्या आवाजात म्हणाल्या की साडेचार वाजलेत. कारकून म्हणाले, सात पानं राहिलीत, मध्येच सोडलं तर मला घरी जेवण जायचं नाही. मी नियम काढला, त्यांनी पान उलटलं. शेवटी सासूबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, वाचू द्या त्यांना, शेवटच्या सात पानांवर माणसाला उठवण्यात अर्थ नसतो, तुम्ही तोवर गोंद काढा.

ती सात पानं! बाई घड्याळाकडे बघताहेत, मी बाईंकडे बघतोय आणि मधूनमधून, खोटं कशाला बोलू, कारकुनाच्या खांद्यावरून वाकून वाचायचाही प्रयत्न करतोय. सासूबाईंनी पिशवी माझ्या डोळ्यांसमोर धरली. चार वाजून त्रेचाळीस मिनिटांनी कारकुनांनी लांब श्वास सोडला आणि प्रत माझ्याकडे सरकवली.

एवढ्या वेगाने मी उभ्या आयुष्यात काम केलं नाही. पुठ्ठा सोडवला, खुनाची पानं चाकूने वेगळी केली, किड्यांची पानं बसवली, गोंद लावला. आता दाबायला वजन हवं, आणि दाबाचं यंत्र दुकानात. सासूबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, प्रबंध बाकावर ठेवला आणि त्यावर बसल्या. सात मिनिटं त्या हलल्या नाहीत. बाई त्यांच्यासमोर उभ्या राहून एकेक मिनिट मोजत होत्या.

चार अठ्ठावन्नला शिक्का पडला! बाईंना रडू फुटलं आणि रडतारडताच हसू. त्यांनी सासूबाईंना मिठी मारली. मला मारली नाही, आणि ते बरोबरच होतं. मी एवढंच म्हणालो की चुकलं माझं. त्या म्हणाल्या, दादा, चूक सुधारायला धावत आलात, तेही कमी नाही.

सगळं आटोपलं म्हणून मी खुनाची चाळीस पानं छातीशी धरून निघालो. घरी जाऊन शांतपणे वाचणार होतो. तेवढ्यात कारकुनांनी मागून हाक मारली. याच्या आधीची पानं मिळतील का, म्हणाले, मला सुरुवात वाचायचीय. मी आनंदाने हो म्हटलं. वाचणाऱ्यावर माझा जीव आहे.

"पण काहीही म्हणा," ते शाईची डबी बंद करत म्हणाले, "तो बाइंडर सापडला कसा, ते झकास जमवलंय. मेलेल्यांच्या डायऱ्यांतून स्वतःचं नाव असलेलं पान काढायचा आणि अंगठा लावून बघायचा, जाडी तेवढीच दिसते म्हणून खूश. इन्स्पेक्टर बाईंनी पानं मोजली, एक कमी भरलं. मोजलं असतं तर वाचला असता हो गाढव."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या विद्यापीठाची इमारत न्याहाळत होत्या.

घरी आल्यावर बायकोने पाकिटं फोडली. सासूबाईंची चिठ्ठी आमच्या आधी शेवट वाचून लिहिलेली नव्हती, तारीख होती तिच्यावर. तिच्यात बाइंडर. बायकोच्या चिठ्ठीतही बाइंडर, आणि खाली कंसात 'तिसरं प्रकरण'. डॉक्टर कादंबरी न्यायला आले तेव्हा मी विचारलं, बाइंडर तुम्हाला सुचला कुठून? ते म्हणाले, अहो, तुमच्याच दुकानात, तुम्हाला आवडेल म्हणूनच घातला.

हे मी चुलीपुढे उभा राहून लिहितोय. एका हाताने खळ ढवळतोय. आता मी सुधारलोय बरं का, प्रत्येक गठ्ठा मोजतो! ही गोष्टसुद्धा तुमच्याकडे पाठवण्याआधी दोनदा मोजली. सहा पानं आहेत. बायको म्हणते, सात होती.