टोकणीचा नाच

एका जंगलात, मुलांनो, एक उतार होता. आज्या-पणज्यांच्या काळापासून साळिंदरं तिथं तूर लावत. एके दिवशी वाघमहाराजांनी उताराला कुंपण घातलं आणि पाटी ठोकली : ‘जंगल राखीव आहे. जंगलातल्यांनी आत येऊ नये.’

पेरणी तोंडावर आलेली. पेरलं नाही तर वर्षभर पिल्लं उपाशी.

तेवढ्यात जिव्या साळिंदर दूरदेशी शिकून परतला. तो तडक दरबाराच्या दाराशी गेला. साळिंदरांना आत मनाई होती. म्हणे गालिच्याला काटे टोचतात. जिव्यानं उंबऱ्याबाहेरूनच हक्कांवर घणाघाती भाषण केलं.

“काय गोड बोलतो हो!” कोल्हे दिवाण म्हणाले. “साळिंदर वाटतच नाही. मागणी नामंजूर. बरं, परराज्यातले पाहुणे येताहेत. तेवढा तुमचा नाच करा. पिसं लावून.”

“आम्हाला पिसं नसतात.”

“मग भाड्यानं आणा.”

जिव्या फणफणत घरी आला. “पोटावर पाय देतात आणि वर नाचा म्हणतात! मी नाही नाचणार!”

“नकोच नाचू,” नवशीमावशी हसली. “टोकणीच्या नाचात लहानपणीही तुझाच पाय चुकायचा.”

टोकणीचा नाच! जिव्याचे काटे ताठ उभे राहिले. लोळून काट्यांनी भोकं पाडायची, दाणा टाकायचा, पायानं माती लोटायची. तो आल्या पावली दरबाराकडे धावला.

“नाचतो, दिवाणजी! पण आमचा नाच त्या उतारावरच रंगतो.”

“पाहुण्यांना अस्सलच हवंय बाबा. काढा रे कुंपण!”

खुळखुळ काटे वाजले. पिसं डोळ्यांत जात होती, तरी साळिंदरं लोळत राहिली. काट्यांत दडवलेली तूर भोकांत पडत गेली. जिव्याचा पाय पुन्हा चुकला. तिथंही दोन दाणे पडले. महाराज ओरडले, “वन्स मोअर!” म्हणून खालचा अर्धा उतारही पेरून झाला.

महाराजांनी खूश होऊन तिथंच हुकूम काढला : हे नृत्यस्थळ म्हणजे राज्याचा ठेवा. साळिंदरांनी दरसाल इथं नाचावं. दुसऱ्या कुणी इथल्या काडीलाही हात लावू नये.

पुढं उतार हिरवागार झाला. दिवाण धापा टाकत आले. “अरे, हे तर पीक!”

“छे, संस्कृती,” नवशीमावशी म्हणाली. “पाय जपून हां, दिवाणजी. ठेवा तुडवाल!”

“आणि पाहुण्यांना पुन्हा बोलवा,” जिव्या म्हणाला. “कापणीचाही नाच असतो आमच्यात.”

तात्पर्य : हक्क कधी मागू नये; मागणाऱ्याला उंबऱ्याबाहेर उभं करतात. तोच हक्क पिसं लावून नाचावा, म्हणजे महाराज उठून टाळ्या वाजवतात. पिसं मात्र कापणी होईपर्यंत परत करू नयेत.