स्वयंपाकघराच्या दारातला पिनबॉल

रविवारी दुपारी दीड वाजता पिनबॉलच्या काचेत सगळं काही दिसत होतं. खिडकी दिसत होती, पंखा दिसत होता, पडद्याची दांडी दिसत होती, आणि वाकून पाहणाऱ्या नवऱ्याचं टक्कल तर अगदी ठसठशीत दिसत होतं. दिसत नव्हती ती फक्त गोळी.

"काच पुसलीस का नीट?" नवऱ्याने विचारलं.

"तीनदा पुसली. पुसल्यापासून तुम्ही जास्तच उठून दिसायला लागलात," बाई म्हणाल्या.

बाई दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवत, म्हणून गल्लीत सगळे त्यांना कवळीवाल्या बाईच म्हणत. दाढेचा उंचवटा केसाच्या निम्म्या जाडीने घासायचा असला, की लॅबवाले तो त्यांच्याच हातात देत. तोच हात गेली बारा वर्षं पिनबॉलच्या बटणांवर बसला होता. काचेखालचं उतरतं टेबल, त्यावरून घरंगळत येणारी पोलादी गोळी, आणि ती खालच्या भोकात पडायच्या आत दोन चिमुकल्या दांड्यांनी तिला पुन्हा वर टोलवायचं. घंट्यांवर, दिव्यांवर ती आपटली की गुण. ज्या खेळघरात बाई खेळत ते बंद पडलं तेव्हा त्यांनी मशीनच घरी आणलं. एका दुपारी त्यांनी त्यावर तीन कोटी गुण काढले होते. साक्षीदार एकट्या सासूबाई, आणि त्यांचं म्हणणं एवढंच, की "फार आवाज करतं हो ते."

आणि आता पिनबॉलची लीग निघाली होती. ज्याने त्याने आपल्या घरून खेळायचं आणि कॅमेरे लावून ते थेट दाखवायचं. लीगमध्ये शिरायचं तर तीन गोळ्यांत दोन कोटी गुण हवेत. कॅमेरेही तीन हवेत, एक टेबलावर वरून, एक गुणांच्या फलकावर, एक खेळाडूच्या चेहऱ्यावर. बाईंनी दोनदा प्रयत्न केला होता. पहिल्या वेळी संयोजकांनी कळवलं, "आम्हाला फक्त ट्यूबलाइट दिसली." दुसऱ्या वेळी चित्र अडकलं आणि तोंड उघडं टाकलेल्या बाई सगळ्या लीगने अकरा मिनिटं पाहिल्या. तिसरी संधी शेवटची होती. आज, चार वाजता.

"काचच काढून टाकली तर?" नवऱ्याने सुचवलं.

काच काढली. पहिल्याच फटक्याला गोळी टेबलावरून उडाली, पंख्याच्या पात्याला चाटून गेली आणि सोफ्याखाली नाहीशी झाली. दोघं पाऊण तास पोटावर सरपटत होती. गोळी सापडली, काच परत बसली. मग खिडकीवर चादर लावली, तर खोलीत इतका काळोख झाला की गोळीबरोबर टेबलही दिसेना. टेबललॅम्प आणला, तर काचेत दुसरी खिडकी उगवली.

"ताई, वरून तिरका धरा ना कॅमेरा," दारातून आवाज आला. वरच्या मजल्यावरची नर्स ठोकाठोक ऐकून खाली आली होती. "माझ्याकडे सलाइनचा जुना स्टँड आहे. आणू?"

स्टँड आला. बाटली अडकवायच्या आकड्याला मोबाईल बांधला. चित्र बरं आलं, पण ते हलेचना. पडद्यावर एक गोल तेवढा गरगर फिरत राहिला.

"नेट पोचत नाहीये इथे," बाई म्हणाल्या. "तीन कॅमेऱ्यांचं ओझं आहे. नेटचा डबा स्वयंपाकघरात, मध्ये भिंत आणि फ्रिज."

"मग डबा इकडे आणू."

"त्याची वायर हातभर पण नाही. वायरवाला म्हणतो मंगळवारी येतो."

बाईंनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, आणि पदर खोचला. तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला त्या खोचण्याचा अर्थ चांगला कळला होता.

"अगं, सव्वाशे किलोचं धूड आहे ते!"

"पायांखाली चादरी घालू. सरकेल. तुम्ही फक्त दार मोजा."

इथे नवऱ्याचा चेहरा उजळला. मोजणी खात्यात त्यांची हयात गेली होती. भल्याभल्यांची बांधावरची भांडणं त्यांच्या एका आकड्याने मिटली होती. त्यांनी खिशातून टेप काढला, दार मोजलं, मशीन मोजलं, आणि निकाल दिला. "दार बहात्तर. मशीन अठ्ठावन्न. चौदा सेंटीमीटर मोकळे. डोळे मिटून ढकला."

बाई आणि नर्सने बाहेरून ढकललं, नवऱ्याने आतून ओढलं. गुणांचा फलक असलेली उभी पेटी, म्हणजे मशीनचं डोकं, आधी आत चाललं होतं. आत ओट्याशी उभ्या सासूबाई "हळू रे, हळू" म्हणत होत्या. कर्रर्र असा आवाज झाला, चौकटीवरून मूठभर गिलावा पडला, आणि मशीन थांबलं. पुढे जाईना, मागे येईना.

"अहो, डोकं मोजलं होतं का?" बाईंनी विचारलं.

आतून टेप सरकल्याचा आवाज आला. "बहात्तर आणि जरासं," नवरा हळूच म्हणाला. "धड मोजलं होतं मी. डोकं धडापेक्षा रुंद असेल असं कोणाला वाटतं?"

नर्सने मागे ओढून पाहिलं. मशीनबरोबर चौकटही निघायला लागली, तेव्हा तिने सोडून दिलं. डोक्याचे बोल्ट सोडवावेत, तर ते नेमके चौकटीत दाबले गेले होते. बाईंनी सुताराला फोन लावला. तो म्हणाला, आज जमणार नाही. घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

"संयोजकांना सांग, तब्येत बिघडली," नवरा आतून म्हणाला.

"कोणाची?"

"माझी सांग. खोटं नाही ते."

बाईंनी नर्सला स्टँड धरायला सांगितला, मोबाईल आणि बाकीचे दोन कॅमेरे सुरू केले आणि चित्र पाहिलं. हॉलच्या खिडकीचा उजेड त्या दाराशी कधीच पोचत नसे. काचेत खिडकी नव्हती, पंखा नव्हता, टक्कल तर आता पलीकडेच होतं. आणि पेटीच्या मागेच नेटचा डबा असल्यामुळे चित्र पाण्यासारखं वाहत होतं. टेबलावरचा बारीकसा ओरखडासुद्धा दिसत होता.

"इथेच खेळते," बाई म्हणाल्या.

"इथेच म्हणजे?" आतून दोन आवाज एकदम आले.

"इथेच म्हणजे दारात. अहो, वायर आत घ्या आणि तिथे प्लग लावा."

प्लग ढिला निघाला. तो दाबून धरायला कोणीतरी हवं होतं, आणि आत माणसं दोनच. नवऱ्याने आधी प्लग आईच्या हाती देऊन खालून बाहेर यायचा प्रयत्न करून पाहिला. मशीनच्या चार पायांमधून गुडघाभर उंचीची जागा होती. डोकं आलं, खांदे आले, पोट आलं नाही. पोटाने मशीन बोटभर उचललं आणि फलकावर लाल दिवा लागला, "टिल्ट".

"हे काय आता?"

"मशीनला धक्का लागला की ते रुसतं. गोळी मेली समजायची," बाई म्हणाल्या. "मागे जा. आणि चार वाजल्यानंतर या मशीनला कोणी श्वाससुद्धा लावायचा नाही."

नवरा आला तसा मागे गेला आणि प्लग दाबून उभा राहिला.

बरोबर चार वाजता लॅपटॉपमधून संयोजकांचा आवाज आला. प्रत्येक वाक्य नियमावलीतून उतरवून घेतल्यासारखं बोलायची त्यांना सवय होती. "मॅडम, चित्र उत्तम आहे. या वेळी चेहरासुद्धा हलतो आहे. मात्र आपण दारात उभ्या आहात का?"

"दारात उभं राहायला बंदी आहे का?"

पानं उलटल्याचा आवाज आला. "नाही. सुरू करा."

पहिली गोळी सुरेख चालली. बाईंची बोटं कवळी घासताना चालावीत तशी चालत होती, एक हालचाल जास्त नाही, एक कमी नाही. पंचावन्न लाख झाले आणि गोळी गेली. दुसरी गोळी वर असतानाच चौकटीवरून गिलाव्याचा एक तुकडा सुटून नेमका काचेच्या मध्यावर पडला. बटणं सोडून पुसायची सोय नव्हती. नर्सने एका हाताने स्टँड धरून, गाल फुगवून अशी फुंकर मारली की तुकडा थेट सोफ्यावर गेला. पण तेवढ्यात गोळी निसटली होती. एकूण ऐंशी लाख.

"ताई, खोल श्वास घ्या," नर्स ऑपरेशनच्या आधी म्हणावं तशी म्हणाली. "एक अजून आहे."

एका गोळीत एक कोटी वीस लाख हवे होते. बाईंनी दोन्ही तळवे साडीला पुसले आणि तिसरी गोळी सोडली. एकूण नव्वद लाख झाले. कोटी झाले. आणि पेटीमागून सासूबाईंचा आवाज आला.

"सूनबाई, मला जायचंय."

"कुठे, आई?"

"आता कुठे म्हणजे? कुठे जातात माणसं?"

जायची जागा हॉलच्या पलीकडे होती. "आई, दहा मिनिटं," बाई गोळीवरची नजर न काढता म्हणाल्या.

"दहा मिनिटांपूर्वी मी हेच मनाला सांगितलं होतं. आता मन ऐकत नाहीये."

"आई, थांब, मी काहीतरी..." नवरा म्हणाला.

"तू प्लग धर!" बाई आणि सासूबाई एकदम म्हणाल्या. बाईंनी नवऱ्याला अरेतुरे केल्याची ही पहिलीच वेळ होती. ते कोणाच्याच लक्षात आलं नाही.

सासूबाई बांध्याने काडीसारख्या होत्या. आधी त्यांचे दोन हात खालून बाहेर आले, मग अंबाडा आला. बाई बटणांवर बोटं ठेवून होत्या आणि खाली इंचाइंचाने सासूबाई सरकत होत्या. मशीनच्या पायाला नुसता स्पर्श झाला तरी सगळं संपणार होतं. एक कोटी तीस लाख. एक कोटी चाळीस.

"मॅडम," संयोजकांचा आवाज कडक झाला, "आपल्या परिसरात कोणी आहे का?"

"सासूबाई आहेत."

"कुठे?"

"मशीनखाली."

पानं भराभर उलटली गेली. "त्यांनी यंत्राला हात लावला, तर खेळ बाद होईल."

"हात नाही लावलाय हो!" सासूबाई खालून ओरडल्या. "पाय आखडलाय. जरा दम धरा तुम्हीसुद्धा!"

संयोजकांनी खरोखरच दम धरला. बाईंनी पाय फाकवून जागा केली, पण कमरेच्या वर तसूभर हालल्या नाहीत. नर्स एका हातात स्टँड, दुसऱ्या हाताने सासूबाईंची बोटं धरून म्हणत होती, "डावा पाय आता, आजी. शाब्बास. आता उजवा." चेहऱ्यावरच्या कॅमेऱ्यात लीगला फक्त ओठ घट्ट मिटलेल्या बाई दिसत होत्या आणि त्यांच्या कमरेमागून हळूहळू उगवणारं एक पांढरं डोकं. एक कोटी नव्वद लाखांवर सासूबाई सुटल्या आणि भिंतीला धरून निघून गेल्या.

गोळी खाली गेली तेव्हा फलकावर दोन कोटी एकोणीस लाख होते.

नर्सने स्टँड सोडून टाळ्या वाजवल्या. मोबाईल लोंबकळला आणि लीगला काही वेळ फक्त जमीन दिसली. बाई मशीनवर दोन्ही हात टेकून उभ्या राहिल्या. मशीन घरी आल्यापासून पहिल्यांदाच त्यांचे गुण घराबाहेरच्या माणसांनी पाहिले होते. डोळे पुसावेत असं त्यांना वाटलं, पण बोटं अजून बटणं दाबायच्याच बेतात होती.

"मॅडम, आपलं हार्दिक अभिनंदन," संयोजक म्हणाले. त्यांचाही आवाज थोडा ओला झाला होता. "आपण लीगमध्ये आलात. पुढचे तीन महिने दर रविवारी चार वाजता. आता फक्त नियम एकवीस वाचून दाखवतो. पात्रता फेरीत यंत्र जिथे आणि ज्या उतारावर होतं, तिथेच आणि त्याच उतारावर ते हंगाम संपेपर्यंत राहिलं पाहिजे. हलवल्यास पात्रता रद्द. मान्य आहे?"

आत प्लग सुटल्याचा आवाज आला आणि मशीनचे दिवे विझले.

बाईंनी चौकटीकडे पाहिलं. मग नर्सकडे पाहिलं. "मान्य आहे," त्या म्हणाल्या.

"अगं मान्य काय आहे!" पेटीमागून नवरा ओरडला. "मी आत आहे! मी खालून निघालो तर ते उचललं जातं, तू बघितलंस ना?"

"म्हणून तर म्हणते, निघू नका. सुतार आला की चौकट कापून तुम्हाला बाजूने काढू. मशीन न हलवता."

"आणि तोवर?"

सासूबाई परत येऊन सोफ्यावर ऐसपैस बसल्या होत्या. स्वयंपाकघर पलीकडे आणि आपण अलीकडे, ही गोष्ट त्यांना हळूहळू उमगत होती. त्यांनी पाय लांब केले, पाठीशी उशी घेतली आणि नर्सलाही शेजारी बसायची खूण केली.

"तोवर आधी चहा टाक," त्या मुलाला म्हणाल्या. "तीन कप. खालून सरकव. मग स्वयंपाकाचं मी इथे बसून सांगते, तसं तसं कर."

आत लायटर टकटकला, पातेलं वाजलं, एकामागून एक चार-पाच डबे उघडल्याचे आवाज आले, आणि तीस वर्षं त्या घरात राहिलेल्या माणसाने विचारलं, "अगं, साखर कुठे असते?"